कांबळे सरांच्या चारशे खिडक्या

१९८३ साल. माझं वय बावन्न. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मी पॅटर्नमेकर होतो. म्हणजे लोखंड ओतायच्या आधी त्याचा जो लाकडी नमुना लागतो, तो करणारा सुतार. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत एक टकला, किडकिडीत माणूस सायकल ढकलत आत आला. शर्टाच्या खिशात चार रंगीत पेन्सिली. पिशवीतनं एक कांदा काढून त्यानं माझ्या डब्याशेजारी ठेवला.

"आप्पा, ह्याचा वरचा एकच पापुद्रा चौकोनी कापायचा. खालच्याला ओरखडासुदीक नको. जमतंय का?"

मी म्हटलं, "कांदा कापायला सुतार कशाला?"

"व्हय का न्हाय? दार उघडं का बंद तेवढं सांगा. मधलं काय न्हाय."

मला लई राग आला. मी चौथी शिकलेला. पुढं मास्तरानं घातलं नाही असं नव्हे, मीच गेलो नाही. पण हत्याराच्या बाबतीत मला कोणी विचारायचं नाही. मी पातं घेतलं, कांद्यावर चार रेघा ओढल्या, नखानं पापुद्रा उचलला. खालचा कांदा कोरा करकरीत. मग पातं त्याच्या हातात दिलं. "आता तुम्ही कापा." त्यानं कापलं ते थेट अंगठा. रक्ताचा थेंब कांद्यावर पडला आणि हा माणूस अंगठा चोखत आनंदानं ओरडला, "सापडला! माणूस सापडला!"

हे कांबळे सर. निपाणीचे. आमच्या गावच्या इंजिनियरिंग कॉलेजात प्रोफेसर.

ते पोरांना चिप करायला शिकवायचे. चिप म्हणजे नखापेक्षा लहान तुकडा, त्यात विजेच्या बारीक वाटा आणि वाटांवर दारं. दार उघडलं की वीज जाते, बंद केलं की थांबते. एवढंच. मला चौथीवाल्याला कळलं ते बाकीच्या प्रोफेसरांना अवघड का वाटायचं कोण जाणे. ते सगळे पुस्तकातनं शिकवायचे. कांबळे सर म्हणायचे, "चिप वाचून येत न्हाय. पोहायला वाचून येतंय व्हय?" व्याख्या विचारणाऱ्या पोराच्या हातात ते कात्री द्यायचे.

पहिल्या दिवशी ते पोरांना हॉलमध्ये चपला काढायला लावायचे. फरशीवर खडूनं वीस फुटी नकाशा काढलेला. हिरवी रेघ म्हणजे खालची वाट, तांबडी रेघ तिच्यावरनं आडवी गेली की तिथं दार. मग एकेका पोराला म्हणायचे, "करंट हो. चाल." पोरगं हिरव्या रेघेवरनं चालायला लागायचं. तांबड्याशी आलं की सर आडवे उभे. "बागला मुच्चैति!" दार बंद आहे. अर्धी पोरं कानडी, त्यांच्याशी कानडी. "आता कुठनं जाशील?" पोरगं गोंधळायचं. सर खूश व्हायचे. "गोंधळ न्हवं. करंट कधी गोंधळत न्हाय. वाट नसंल तर थांबतोय. तू बी थांब."

वर्गातलं हे वेड वर्गातच राहिलं असतं तर ठीक. कँटीनच्या पोऱ्यानं विचारलं, साखर थोडी चालेल का, तर हे म्हणायचे, "थोडी म्हंजे किती रं? हाय का न्हाय?" नकाशात दोन रेघा एकमेकींपासून चौकटीच्या कागदावरची किमान दोन घरं लांब पाहिजेत, नाहीतर वीज मधनंच उडी मारते, असा त्यांचा नियम होता. महांतेश नावाचा एक उंच पोरगा बाकावर सुनंदाला चिकटून बसला की लांबनं आवाज यायचा, "दोन घरं अंतर रं! शॉर्ट व्हशील!" सुनंदा जांबोटीकडची. एसटी चुकली की डोंगरातनं चालत येणारी, ती काय कोणाला शॉर्ट होऊ देती. तीच महांतेशला कोपरानं ढकलायची.

एकदा आम्ही दोघं सायकलवरनं खानापूरच्या रस्त्यानं चाललो होतो. एक बाई तांबडं लुगडं नेसून भाताच्या हिरव्या बांधावरनं आडवी चालली होती. सरांनी ब्रेक मारला. "आप्पा, बघा! दार झालं!" आणि टक लावून बघत उभे. बाईचा नवरा विळा घेऊन वर आला. आता त्याला काय सांगायचं? मी म्हटलं, "दादा, हे डोळ्याचे डॉक्टर आहेत. लांबचं दिसतंय का बघत्यात." तो विळा खाली करेपर्यंत माझा घाम गळला. सर मात्र वाटेत म्हणतात, "खोटं बोलायची काय गरज होती? मी समजावून सांगितलं असतं."

त्यांनी आयुष्यात मधलं उत्तर एकदाच दिलं म्हणे. एक स्थळ आलं होतं, पोरगी शिक्षिका. पसंत का विचारलं तर हे म्हणाले, विचार करतो. तीन वर्षं विचार केला. तोवर तिला दोन लेकरं झाली.

तर कांद्याची परीक्षा कशासाठी, तर ते सांगतो. नकाशा कागदावर झाला की तो एका खास फिल्मवर कापायचा असतो. खाली जाड पारदर्शक प्लॅस्टिक, वर कांद्यासारखा तांबडा पापुद्रा. पापुद्रा तेवढा कापायचा आणि चिमट्यानं उचलायचा. मीटरभर लांबीरुंदीच्या अशा पाच फिल्म करायच्या, आम्ही त्यांना पत्रे म्हणायचो, एकावर एक ठेवले की पाचही जुळले पाहिजेत. मग कारखान्यात कॅमेऱ्यानं फोटो काढून ते लहान लहान करत नखाएवढे करतात. बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात सरांच्या ओळखीचे एक साहेब होते. ते म्हणाले होते, आमच्या मालाच्या कोपऱ्यात तुमच्या पोरांचं एक काम घालतो, पण पत्रे अमुक मंगळवारी हातात पाहिजेत. पोरांनी एक कुलूप करायचं ठरवलं होतं. चार बटणं बरोबर क्रमानं दाबली तरच उघडणारं. आणि त्या वर्षी पोरांच्या हातनं दोन फिल्म आधीच फाटल्या होत्या. मुंबईहून आणलेल्या, मोजक्याच. म्हणून पोरांना पातं धरायला शिकवणारा माणूस हवा होता.

माझी पाळी तीनला सुटायची. तिथनं सायकलनं कॉलेज. पोरांना आधी कांदे कापायला लावले, मग वर्तमानपत्राखाली वर्तमानपत्र. महांतेश म्हणायचा, "काय ओ मिस्त्री, इंजिनियर करतायसा का आचारी?" मी म्हणायचो, "आचारी झालास तर उपाशी तरी मरणार नाहीस." महिन्याभरात पोरं कापायला लागली. चार पत्रे त्यांनी कापले. पाचवा सगळ्यात अवघड, खिडक्यांचा. खालच्या वाटेतनं वरच्या वाटेत वीज चढायला जी बारीक भोकं लागतात, त्या चारशे खिडक्या. तो सरांनी मला दिला.

प्राचार्यांना हे आवडलं नव्हतं. ते माझ्यादेखत म्हणाले, "कांबळे, हे काम चौथी शिकलेल्या सुताराला? उद्या काही झालं तर?" सर म्हणाले, "झालं तर माझं." प्राचार्य म्हणाले, "तुमचंच. ह्या मंगळवारी पत्रे पोचले नाहीत तर पुढच्या वर्षीपासनं हा विषय बंद. ती खोली मला हवीच आहे." मी भिंतीकडं बघत उभा होतो. मनात म्हटलं, थांब, दाखवतो चौथी म्हणजे काय.

पत्रा मी घरी नेला. कॉलेजचं टेबल सरळ नव्हतं. सुनंदानं आकड्यांची यादी दिली होती, कोणती खिडकी डावीकडनं किती घरं, खालनं किती. आणि कापायला बसताना मला एक गोष्ट ध्यानात आली. सर पोरांना दहादा सांगायचे, हे काम पुढं आकसणार आहे, लहान होणार आहे. आता आमच्या धंद्यात आकसणाऱ्या कामाचा एक कायदा आहे. बीड, म्हणजे आमचं ओतायचं लोखंड, थंड होताना आकसतं, म्हणून लाकडी नमुना मुळातच थोडा मोठा करायचा. त्याला आमची वेगळी पितळी पट्टी असते, तिच्यातला प्रत्येक सेंटीमीटर जरासा मोठा. मी म्हटलं, बघा, एवढी शिकलेली माणसं आणि आकसणं हिशेबात धरायला विसरली! प्राचार्यांपुढं सरांची फजिती नको म्हणून मी कोणाला बोललो नाही. गुपचूप पितळी पट्टी घेतली आणि रोज रात्री दोन-तीन तास बसून सहा दिवसांत चारशे खिडक्या कापल्या. रोज झोपताना मनात हसायचो.

शनिवारी दुपारी पाचही पत्रे काचेच्या टेबलावर एकावर एक ठेवले. खालनं ट्यूबलाइट लावली. डाव्या खालच्या कोपऱ्यात सगळं जुळलेलं. मधे आलं की खिडकी जराशी सरकलेली. उजव्या वरच्या कोपऱ्यात खिडकी एकीकडं आणि वाट दुसरीकडं, बोटभर फरक.

मग महांतेश म्हणाला, "मिस्त्रीनं घालवलं."

"तोंड सांभाळ," मी म्हटलं. "तीस वर्षं झाली, माझं माप चुकलं नाही. तुमचे चारी पत्रे चुकल्यात."

"चारी चुकले आणि एकमेकांशी जुळले व्हय?"

"चार गाढवं एका वाटेनं जात्यात की."

सुनंदानं फुटपट्टी घेऊन परत मोजायला सुरुवात केली. एकच कोरी फिल्म उरली होती आणि सरांची बंगळूरची गाडी सोमवारी संध्याकाळची. सर खाली वाकून कडेनं बघत होते. त्यांनी माझ्या पत्र्यावर पहिल्या खिडकीपासनं शेवटच्या खिडकीपर्यंत मोजलं, मग पोरांच्या पत्र्यावर तेवढंच. मग सरळ झाले. माझ्या खिशातनं वर आलेल्या पितळी पट्टीकडं त्यांची नजर गेली.

"आप्पा," ते हळूच म्हणाले, "बीड आकसतंय किती?"

"मीटरला एक सेंटीमीटर," मी ताठ मानेनं म्हटलं. सगळ्या पोरांना ऐकू जाईल असं. आणि शब्द तोंडातनं बाहेर पडता पडता मला उमगलं, कॅमेरा पाचही पत्रे सारखेच लहान करणार होता, मोठा झाला होता तो एकटा माझा. टेबलावर बोटभर फरक समोर दिसत होता. पोरं काही समजली नाहीत. सर समजले होते.

तेवढ्यात दारात प्राचार्य. त्यांना चारला बोलावलंच होतं. त्यांनी टेबल बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, जसं बघायचं तसं. "मी म्हटलं होतं, कांबळे. कोणाची चूक?"

"माझी," सर म्हणाले. "ह्यांना आकडे मी चुकीचे दिलते."

सुनंदानं झटकन वर बघितलं. यादी तिनं केली होती, सरांनी तपासून दिली होती, आकडे बरोबर आहेत हे तिला माहीत होतं. पण सरांचा चेहरा बघून तिनं फुटपट्टी खाली ठेवली. प्राचार्य म्हणाले, "मग मंगळवार विसरा," आणि गेले. मी माझं पातं पिशवीत टाकलं आणि बाहेर पडलो.

घरी जाऊन मला चैन पडेना. चूक माझी, ती मी कबूल केली नव्हती, आणि वर ह्या माणसानं ती स्वतःच्या अंगावर घेऊन मला भिकाऱ्यासारखं केलं. दिवेलागणीला मी सायकल काढली आणि अनगोळला त्यांच्या खोलीवर गेलो. भांडायलाच. त्यांच्या खोलीवर मी त्याआधी कधी गेलो नव्हतो. खोटं कशाला लिहू, त्या काळात आमच्यातली माणसं त्यांच्यातल्यांच्या घरी सहसा जात नव्हती. मीही वेगळा नव्हतो.

दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि थबकलो. अख्खी खोली तांबडी. खिडक्यांना पडदे नव्हते, पडद्यांच्या जागी पोरांनी वाया घालवलेल्या तांबड्या फिल्म लावलेल्या. भिंतींवरही. प्रत्येकीच्या कोपऱ्यात पोराचं नाव. मागच्या तीन वर्षांतली सगळी. एका कोनाड्यात बुद्धाची लहान मूर्ती, एक स्टोव्ह, एक ताट, एक पेला. बाकी माणसाची खूण नाही.

"हे काय जपून ठेवलंय कचरा?" मी विचारलं. भांडण असंच सुरू झालं.

"कचरा न्हवं ओ. ही बघा, हा पोरगा नापास झाला. पण हा कोपरा बघा काय कापलाय." मग त्यांनी खाटेखालनं गुंडाळी काढली. माझा पत्रा. "आणि हा तुमचा. दुपारपासनं बघतोय. चारशेतली एक खिडकी वाकडी न्हाय. पट्टी चुकली, हात चुकला न्हाय."

"फाडून टाका तो! आणि मला तुमची दया नको. खोटं का बोललासा? विळेवाल्यापुढं मी बोललो तर मला शिकवत होतासा!"

सर खाटेवर बसले.

"दया न्हाय, आप्पा. माझी आई बिड्या वळायची. पानं कापायला पत्र्याचा फर्मा असतोय, तो पानावर ठेवायचा आणि कडेनं कात्री फिरवायची. एकदा कुणाचा तरी दुसराच फर्मा तिच्याकडं आला, जरा आखूड. मी शेजारी बसलोतो. नऊ वर्षांचा. मला दिसलं की फर्मा लहान हाय. आई भराभर कापत होती, लई सुंदर कापायची ओ, मी बघतच बसलो. बोललो न्हाय. संध्याकाळी माल तपासणाऱ्यानं चारचौघींत तिची टोपली उपडी केली. म्हणाला, कापायला येत न्हाय तर शेण थाप जा." त्यांनी माझा पत्रा परत गुंडाळला. "आई टोपली उचलून घरी आली. परत कधी कात्री हातात धरली न्हाय. शेतात तण भांगलायला गेली जल्मभर. मला आज वाटलं, तुम्हीबी पातं खाली ठेवशीला."

माझ्या पिशवीत पातं होतं. ते मी फौंड्रीच्या पेटीत कायमचं टाकायचं ठरवूनच आलो होतो. हे त्यांना कसं कळलं कोण जाणे.

"चहा ठेवू?" त्यांनी विचारलं. पण नेहमीसारखं नाही. मान खाली घालून, नको म्हणणार हे गृहीत धरल्यासारखं. मी म्हटलं, "ठेवा." पेला एकच होता. त्यात मला दिला आणि स्वतः ताटातनं प्याले. मी निघालो तेव्हा ते सायकलचा कॅरियर धरून कोपऱ्यापर्यंत आले, लहान पोर येतं तसं. म्हणाले, "उद्या रविवार हाय. पोरं येणार हायत. मी यायला सांगितलंय. पण पातं कुणी धरायचं?" मी सायकलवर टांग टाकली.

लोक मला विचारतात, ते कुलूप उघडलं का? उघडलं. सात महिन्यांनी बंगळूरहून डबी आली, कापसात ठेवलेले बारीक काळे तुकडे. काही मेलेले निघाले, काही जिवंत. महांतेशनं बटणं दाबली, दिवा लागला, आणि सर हॉलच्या फरशीवर मटकन खाली बसले. विषय पुढंही चालला. पोरं आता कुठं कुठं मोठ्या कंपन्यांत आहेत. सुनंदाच्या हाताखाली म्हणे शंभर माणसं आहेत. सर जाऊन बरीच वर्षं झाली. पण हे सगळं पुढचं. मी सांगत होतो त्या रविवारचं.

रविवारी सकाळी मी अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो आणि आधी टिळकवाडीत प्राचार्यांच्या बंगल्यावर गेलो. ते लुंगी नेसून गुलाबाला पाणी घालत होते.

"साहेब, काल सर खोटं बोलले. आकडे बरोबर होते. पट्टी माझी चुकली."

ते झारी धरून बघत राहिले.

"हे कुठं कागदावर लिहायचं असलं तर लिहा. मी सही करतो. सही येती मला."

"अहो, बसा तर. चहा घ्या."

"चहा नको. काम आहे."

तिथनं कॉलेज. पोरं टेबलाभोवती उभी होती, कोरी फिल्म पसरलेली, सर कोपऱ्यात पेन्सिलीला टोक करत बसलेले. मी पोरांनाही तेच सांगितलं, आकसण्याचं आणि पट्टीचं, सगळं. महांतेश एकदम हसला. मग हसू दाबून म्हणाला, "मिस्त्री, म्हंजे तुम्ही आमच्यापेक्षा जास्त विचार केलासा की ओ." मी म्हटलं, "गप. फिल्मची ती कड धर, हलवू नको."

सरांनी वर बघितलं नाही. पेन्सिलीला टोक करतच राहिले, टोक मोडलं तरी.

मी चष्मा पुसला, पातं काढलं, आणि आकड्यांची यादी घेऊन उभ्या सुनंदाला म्हटलं, "वाच गं पोरी. पहिल्यापासनं."